माडावरून पडलेला माणूस : एका न मोजलेल्या अपघाताचा इतिहास

कामगारांच्या इतिहासाबद्दल बोलायचं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गिरणी येते, रेल्वे येते, खाण येते. आज या तिन्हींपैकी काहीच नाही. आज आपण झाडावर चढून पोट भरणाऱ्या माणसाबद्दल बोलणार आहोत, आणि त्यातही त्याच्या वाईट दिवसाबद्दल. तो पडतो त्या दिवसाबद्दल. कोकण, गोवा आणि थोडं पुढे केरळ, एवढा आपला टापू. झाड मुख्यतः एकच, माड.

सुरुवात एका कोरड्या गोष्टीपासून करू. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची आणि दुखापतींची एक यादी असते, आयसीडी नावाची. तिची दहावी आवृत्ती १९९० साली मंजूर झाली. तिच्यात प्रत्येक प्रकारच्या इजेला एक खूण आहे. जिन्यावरून पडलात तर वेगळी, शिडीवरून पडलात तर वेगळी, आणि झाडावरून पडलात तर तीही वेगळी : डब्ल्यू १४. म्हणजे जगातल्या डॉक्टरांना हे मान्य आहे की झाडावरून पडणं हा स्वतंत्र प्रकार आहे. आता आपल्याकडे या. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी अपघाती मृत्यूंचा अहवाल काढतो. त्यात 'उंचावरून पडणे' असं खातं आहे. इमारतीच्या परांचीवरून पडलेला, गच्चीवरून पडलेला, माडावरून पडलेला, सगळे त्या एकाच खात्यात. वेगळं काढायचं म्हटलं तर काढता येत नाही. आजच्या व्याख्यानाचा प्रश्न हाच आहे. हा माणूस मोजला का गेला नाही? उत्तर शोधायला गेलं की निष्काळजीपणापेक्षा वेगळंच काही सापडतं. त्याला इतिहास आहे.

आधी काम समजून घेऊ. माडावर चढणारे दोन धंदे आहेत आणि ते एक नव्हेत. एक नारळ उतरवणारा. गोव्यात आणि सिंधुदुर्गाच्या भागात त्याला पाडेली म्हणतात. दुसरा माडी काढणारा. आपल्याकडे हा भंडारी समाजाचा पूर्वापार व्यवसाय, आणि गोव्यात हे काम करणाऱ्याला रेंदेर म्हणतात. पाडेली एका बागेत वर्षातून चार ते सहा वेळा येतो. कोयता कमरेला, पायात दोराचा फास, वर जायचं, तयार पेंड तोडायची, सुकलेल्या झावळ्या काढायच्या, माड साफ करायचा आणि खाली यायचं. दिवसाला किती माड होतील त्यावर त्याचे पैसे. माडी काढणारा मात्र त्याच माडावर रोज चढतो, आणि एकदा नाही, तीनदा. सकाळी आणि संध्याकाळी जमलेला रस उतरवायला आणि दुपारी पोय छाटायला. पोय म्हणजे माडाचा न उमललेला फुलोरा. ती बांधायची, ठोकायची, आऊताने रोज बारीकशी कापायची, तरच रस वाहता राहतो.

थोडा हिशेब करू. समजा दहा माड, प्रत्येकी बारा मीटर. तीन वेळा चढायचं म्हणजे दिवसाला ३६० मीटर वर आणि तेवढंच खाली. मुंबईच्या विद्यापीठाचा राजाबाई टॉवर ८५ मीटर आहे. म्हणजे हा माणूस रोज चार वेळा राजाबाई टॉवर चढून उतरतो, तोही जिन्याशिवाय. श्रीलंकेत आणि काही ठिकाणी यावर उपाय म्हणून एका माडावरून दुसऱ्या माडावर काथ्याचे दोर बांधतात आणि माडी काढणारे त्या दोरांवरून चालत जातात. चढणं वाचतं, पण धोका खांद्यावरून काढून पायाखाली ठेवल्यासारखं होतं. आपल्या कोकणातल्या सुपारीच्या बागांत तर पोफळ वाकवून शेजारच्या पोफळीवर झेप घेतात. खाली उतरायचा वेळ वाचवायचा असतो ना!

मग माणूस पडतो कशामुळे? बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, हात सुटला, पाय घसरला. तसं होतंच. पावसाळ्यात खोडावर शेवाळ धरतं आणि खोड साबणासारखं होतं. पण चढण्याइतकाच शेवटचा टप्पा धोक्याचा असतो, म्हणजे खोडावरून शेंड्यात जाण्याचा. तिथे खोडाची मिठी सोडावी लागते आणि झावळीचा देठ हातात धरावा लागतो. तो देठ हिरवा आहे की आतून सुकलाय, हे खालून कळत नाही. सुकलेला असेल तर तो बुंध्यापासून सरळ निसटून हातात येतो. दुसरं कारण कीड. सोंड्या भुंग्याची अळी खोड आतून खाते, बाहेर मोजकी भोकं दिसतात. अशा माडावर माणसाचं वजन पडलं की कधी शेंडाच मोडतो. तिसरं, गांधीलमाश्यांचं पोळं किंवा ओंबील, त्या लाल मुंग्या. चावल्या की हात आपोआप झटकला जातो, आणि वर असताना हात झटकायचा नसतो. चौथं कारण आता आलंय, विजेची तार. तारेला लागलेली ओली झावळी ओढली की संपलं.

यातलं एकही कारण 'निष्काळजीपणा' या शब्दात बसत नाही, हे लक्षात घ्या. कारण पुढे कायद्याच्या गोष्टीत हाच शब्द येणार आहे.

आता पडल्यावर काय होतं? पंधरा मीटरवरून सुटलेला माणूस पावणेदोन सेकंदांत जमिनीवर येतो. त्या वेळी त्याचा वेग ताशी साठ किलोमीटरच्या थोडा वर असतो. 'पडताना सावरला असता' असं आपण सहज म्हणतो, पण सावरायला वेळच नसतो. पायांवर किंवा बसक्या अवस्थेत आदळला तर टाचेचं हाड फुटतं आणि धक्का वर कण्यात जातो. छातीमागचा ताठ कणा जिथे संपतो आणि कमरेचा लवचीक कणा जिथे सुरू होतो, तिथला मणका चिरडतो. त्याचा तुकडा मागे मज्जारज्जूत घुसला की कमरेखालचं सगळं जातं. चालणं जातं, आणि लघवीवरचा ताबाही जातो.

वैद्यकाचा इतिहास इथे फार बोलका आहे. दुसऱ्या महायुद्धापर्यंत कणा मोडलेला माणूस म्हणजे मेलेला माणूस, असंच जगभर धरलं जायचं. मज्जारज्जूच्या दुखापतीतून वाचलेले बहुतेक जण पुढे अंगाखालच्या जखमांनी आणि मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाने जायचे. १९४४ साली इंग्लंडमध्ये स्टोक मँडव्हिल इथे लुडविग गुटमन या डॉक्टरांनी युद्धजखमींसाठी विभाग सुरू केला. त्यांचा मुख्य उपाय ऐकलात तर साधा वाटेल : दर दोन तासांनी रुग्णाला कुशीवर वळवायचं, रात्रीही. त्यासोबत मूत्राशयाची काटेकोर निगा आणि पडून न राहता काम, खेळ. माणसं जगायला लागली. पॅरालिंपिक खेळांचा उगमही तिथलाच.

पण हे ज्ञान वाडीपर्यंत पोचायला वेळ लागला, आणि काही ठिकाणी अजून पोचायचंय. म्हणून विषय सोडून एक सांगतो, कारण ऐकणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरी माड असतील. माणूस पडला की आपण धावतो, दोघं खांद्याला धरतात, दोघं पायाला, आणि उचलून रिक्षात बसवतात. कणा मोडलेला असेल तर उरलेली इजा त्या उचलण्यात होते. त्याला हलवायचं नाही, पाणी पाजायला उठवून बसवायचं नाही, १०८ ला फोन करायचा. हलवावंच लागलं तर डोकं, मान, पाठ एका रेषेत ठेवून, तीन-चार जणांनी एकदम, एखाद्या ओंडक्यासारखं वळवून सपाट फळीवर घ्यायचं. घरातलं दारही चालतं.

चला, परत इतिहासाकडे. या माणसाचा सरकारशी संबंध कसा आला? करातून आला. १८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारी कायदा झाला. परवान्याशिवाय ताडी-माडीसाठी झाड छेदणं गुन्हा झाला आणि झाडामागे कर बसला. झाडांवर नंबर पडले. कुठल्या वाडीत किती माड छेदले जातात, हे सरकारी वहीत येऊ लागलं. पण ही वही कोणत्या कामासाठी होती ते बघा. झाड मोजलं जात होतं, कारण झाडातून महसूल येत होता. वर चढणारा माणूस त्या हिशेबात फक्त परवान्यापुरता. तो पडला तर त्या नंबराच्या माडावर दुसरा चढे आणि कर चालू राही. थोडक्यात, झाडाला नंबर होता, पडण्याला नव्हता.

पुढे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. माडी काढण्याच्या धंद्यावर कुऱ्हाडच आली. त्याच्या बऱ्यावाईटाची चर्चा आज करत नाही. आपल्या विषयापुरता परिणाम एवढाच, की रोज चढणाऱ्यांची पिढी तुटली. रोज चढणाऱ्याच्या हाताला कुठला देठ धरायचा आणि कुठला नाही हे ठाऊक असतं. हे ज्ञान पुस्तकात नव्हतं, बापाकडून मुलाकडे जात होतं. चढणारे कमी झाले, माड मात्र तेवढेच राहिले.

आता कायदा. एकोणिसाव्या शतकात कामावर जखमी झालेल्या मजुराला भरपाई हवी असेल तर कोर्टात सिद्ध करावं लागे की चूक मालकाची होती. १८३७ साली इंग्लंडमध्ये एक खटला गाजला, प्रीस्टली विरुद्ध फाउलर. कसायाच्या नोकराचा जास्त माल लादलेल्या गाडीवर अपघात झाला. कोर्टाने शेवटी निकाल दिला मालकाच्या बाजूने. सूत्र असं, की कामातला धोका नोकराने पत्करलेलाच असतो. हे सूत्र अर्धं शतक मजुरांच्या मानेवर बसलं. १८८० साली थोडी ढील मिळाली आणि १८९७ च्या इंग्लिश कायद्याने विचारच बदलला : चूक कुणाची हे विचारूच नका, काम करताना इजा झाली ना, मग ठरलेली भरपाई द्या.

इथे झाडाच्या कामाचा एक महत्त्वाचा धागा आहे. अमेरिकेच्या वायव्येला वॉशिंग्टन राज्य आहे, प्रचंड देवदारी जंगलांचं. तिथे लाकूडतोड हा मुख्य उद्योग होता आणि तो अतिशय घातक होता. वरून सुटून पडणाऱ्या फांदीला तिथले लाकूडतोडे 'विधवा करणारी' म्हणत. त्याच राज्याने १९११ साली कामगार भरपाईचा कायदा केला, सक्तीचा आणि सरकारी निधीतून पैसे देणारा. अमेरिकेतल्या पहिल्या काही कायद्यांपैकी तो एक. झाडाच्या कामातले अपघात कायदा घडवू शकतात, याचं हे उदाहरण. मग आपल्याकडे का नाही घडवला? तिथे लाकूडतोडे शेकड्यांनी एका छावणीत, एका कंपनीकडे राहत होते. आपला पाडेली सकाळी एका वाडीत, दुपारी दुसऱ्या. त्याचा मालक कोण हेच कुणाला सांगता येत नव्हतं.

आपला कायदा आला १९२३ साली, कामगार नुकसानभरपाई कायदा. १ जुलै १९२४ पासून लागू. मोठं पाऊल होतं, यात शंका नाही. पण त्यातली 'कामगार' या शब्दाची व्याख्या नीट वाचा. ज्याचं काम नैमित्तिक स्वरूपाचं आहे आणि जो मालकाच्या धंद्याच्या कामासाठी नेमलेला नाही, तो कामगार नव्हे. आता आपला पाडेली या व्याख्येसमोर उभा करा. तो वर्षातून चार-सहा वेळा येतो, म्हणजे नैमित्तिक. घराच्या मागच्या दहा माडांचे नारळ उतरवतो, ते घरच्या खोबऱ्याला आणि तेलाला, म्हणजे धंदा नव्हे. दोन्ही अटींत तो नेमका बसतो आणि कायद्याच्या बाहेर जातो. कायदा लिहिणाऱ्यांनी त्याला मुद्दाम वगळला असं मी म्हणत नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर गिरणी होती, गोदी होती, रेल्वे होती. वाडी नव्हती.

ही नैमित्तिक कामाची अट किती वर्षं राहिली? २००० सालच्या दुरुस्तीने ती काढली गेली. म्हणजे पाऊणशे वर्षं. अट गेल्यावर प्रश्न सुटला का? पूर्ण नाही. कायद्याच्या परिशिष्टात कामांची यादी होती, त्यात आपलं काम बसतं हे दाखवावं लागे. आणि 'हा माझा नोकर नव्हे, हा स्वतःचा धंदा करणारा, मी फक्त माडामागे पैसे दिले' असं म्हटलं की नोकर-मालक नातं सिद्ध करण्याची जबाबदारी पुन्हा त्या अंथरुणावर पडलेल्या माणसावर येते. कागद तर काहीच नसतो. 'उद्या येतो हां काका' एवढाच करार.

केरळमध्ये गोष्ट वेगळी घडली. तिथे १९६९ साली ताडी कामगार कल्याण निधीचा कायदा झाला. झाडावरून पडून अपंग झालेल्या झाडचढ्यांसाठी तिथल्या कामगार खात्याची वेगळी योजनाही आहे. तिथली माणसं जास्त पडत होती म्हणून हे झालं का? तसं नाही. तिथे ताडीच्या दुकानांना परवाने होते, ठेकेदार होते, चढणाऱ्यांची नावं होती आणि त्या नावांवर उभ्या राहिलेल्या लढाऊ संघटना होत्या. अबकारीची वही तिथेही करासाठीच होती. पण संघटनेने ती वही माणसाच्या बाजूने वापरली. मुंबई राज्यात दारूबंदीने ती वहीच बंद केली, आणि नारळ उतरवणाऱ्याची वही तर कधी नव्हतीच.

गोव्यात आणखी एक पदर आहे, जमिनीचा. भाटकाराच्या जमिनीत घर बांधून राहणारा मुंडकार आणि त्याबदल्यात भाटकाराची करावी लागणारी कामं, यांचं जुनं नातं होतं. माडावर चढणं हे त्यांतलंच एक काम. १९७५ च्या मुंडकार कायद्याने राहत्या घराला संरक्षण दिलं. ही मुक्तीच होती. त्यानंतर मुलं शिकली, बोटीवर गेली, आखातात गेली. ज्या कामात बाप पडला ते काम मुलाने घ्यावं असं कुठल्या आईला वाटेल? 'हल्ली पाडेली मिळत नाहीत हो' अशी तक्रार आपण ऐकतो. ती तक्रार उलट बाजूने ऐकली तर ती एक चांगली बातमीही आहे.

माणसं कमी झाली तेव्हा मात्र व्यवस्थेला जाग आली. नारळ विकास मंडळ १९८१ साली स्थापन झालं होतं, मुख्यालय कोचीला. २०११ साली मंडळाने 'माडाचे मित्र' या अर्थाचं प्रशिक्षण सुरू केलं. सहा दिवसांचं शिक्षण, चढण्याचं यंत्र आणि अपघात विमा. त्यातलं एक गाजलेलं यंत्र कन्नूर जिल्ह्यातल्या चेंबेरीच्या एका शेतकऱ्याने बनवलेलं आहे. दोन पायांसाठी दोन चौकटी, खोडाभोवती तारेचा फास, एकेक पाय उचलत वर जायचं. बायकाही हे शिकल्या, आणि हे काम पुरुषांचंच हा समज मोडला. यंत्राने खोडावरचं घसरणं कमी होतं. पण मघाशी सांगितलेला शेंड्याचा टप्पा तसाच राहतो. कमरेचा पट्टा खोडाला बांधलेला नसेल तर यंत्र अर्धंच काम करतं.

दुसरा मार्ग शास्त्रज्ञांचा, माडच बुटका करण्याचा. १९३२ साली नीलेश्वरला जे. एस. पटेल यांनी उंच आणि ठेंगण्या माडांचा संकर घडवला. उद्देश उत्पादनाचा होता, पण हात पोचेल एवढ्या उंचीवर नारळ लागणं ही सुरक्षितताही आहे. रत्नागिरीजवळ भाट्ये इथे १९५५ पासून नारळ संशोधन केंद्र आहे. तिथली रोपं आपल्याकडे लावली जातात. पण लावलेला उंच माड साठ-सत्तर वर्षं उभा असतो. आज कितीही ठेंगणे लावले तरी आजोबांनी लावलेल्या बाणवलीवर कुणाला तरी चढावंच लागणार.

शेवटचा टप्पा, अगदी आपल्या काळातला. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडच्या वाड्या आडव्या झाल्या. पंचनामे झाले, माड मोजले, पोफळी मोजल्या. अर्थात मोजायलाच हव्या होत्या. गोव्यात २०१६ च्या जानेवारीत वृक्षसंरक्षण कायद्याच्या व्याख्येतून माड वगळला गेला. माड हे झाड की गवत, यावर केवढा वाद झाला! लोक रस्त्यावर आले आणि पुढच्या वर्षी माडाला त्याचं झाडपण परत मिळालं. मला त्या आंदोलनाचं कौतुकच आहे. फक्त एवढंच मनात येतं, की व्याख्येतून माड बाहेर गेला तेव्हा वर्षभरात आरडाओरडा झाला. त्या माडावर चढणारा 'कामगार' या व्याख्येबाहेर पाऊणशे वर्षं होता.

आणि आजही एक गंमत बघा, गंमत म्हणायची म्हणून. महाराष्ट्रात गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना आहे. उंचावरून पडून झालेला अपघात तिच्यात बसतो. पण लाभ कुणाला? खातेदार शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातल्या एकाला. म्हणजे वाडीचा मालक स्वतः माडावरून पडला तर मदत आहे. पण मालक चढत नाही. जो चढतो त्याच्या नावावर बहुधा सातबारा नसतो.

म्हणून व्याख्यान संपवताना तीनच गोष्टी मागतो. सरकारकडे : अपघाताच्या नोंदीत झाडावरून पडणं वेगळं लिहा. खूण जगाने तयार करून ठेवली आहे, फक्त वापरायची आहे. पंचायतींकडे : गावात चढणारे किती, त्यांची नावं काय, त्यांतल्या कुणाचा विमा उतरवलाय, याची एक वही ठेवा. करासाठी वही ठेवता येत होती, तर यासाठीही येईल. आणि तुमच्या-आमच्याकडे : पुढच्या वेळी चढणारा दारात आला की पावसात चढवू नका, तार जवळ असेल तर आधी वीजवाल्यांना बोलवा, पट्टा आहे का विचारा, आणि विमा आहे का तेही विचारा. नसेल तर वर्षाच्या नारळांतले दोन-चार त्या हप्त्यासाठी बाजूला काढायला कुणाला जड जाणार नाही.

आता प्रश्न घेऊ. विशेषतः ज्यांच्या घरात कुणी चढणारं होतं किंवा आहे, त्यांनी आधी बोलावं.